मागच्या सीटवरचा बिघाड

डायनामोचं दुकान कुठे आहे, हे गल्लीत कुणालाही विचारा. हाताने दिशा दाखवण्याआधी तो माणूस तुम्हाला घडीभर थांबवून घेईल आणि डायनामोचा एखादा किस्सा ऐकवूनच सोडेल. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलासुद्धा जरा आठवूनच सांगावं लागतं. चाक फिरतंय तोवर गाडीतला डायनामो वीज करत राहतो आणि ह्याच्या हातात काम आहे तोवर ह्याचं तोंड चालू राहतं. हे नाव पहिल्यांदा कुणी ठेवलं ते कुणालाच माहीत नाही, पण त्याने नेम अचूक धरला होता.

काम म्हणाल तर गाड्यांच्या वायरिंगचं. सेल्फ, दिवे, हॉर्न, बॅटरी. तेही जुन्याच गाड्यांचं. नवी गाडी दारात आली की हा तिच्याकडे दुसऱ्यांच्या हुशार पोराकडे बघावं तसं कौतुकाने बघतो आणि पुढच्या चौकातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे पाठवून देतो. "तिथे स्क्रीनच सगळं सांगते," तो म्हणतो. "मग मी काय बोलायचं?"

त्याची काम करायची एक रीत होती. गाडी आली की तो आधी गाडीला हात लावायचा नाही, मालकाला कामाला लावायचा. "घरी जसे बसता तसे बसा. जशी चावी फिरवता तशीच फिरवा. लाजू नका." आणि स्वतः बाहेर हाताची घडी घालून उभा राहायचा. लोकांना वाटायचं, गंमत करतोय. पण ह्याच रीतीने त्याने गाण्याच्या बाईंची गाडी पकडली होती. ती दर खड्ड्यात बंद पडायची. बाईंच्या चावीला घरातल्या, क्लासच्या आणि बहुधा शेजारच्यांच्याही सगळ्या चाव्यांचा जुडगा लटकत होता, आणि खड्डा आला की त्या ओझ्याने चावी आपली आपणच मागे फिरत होती. एका कंपाउंडरची बॅटरी रोज सकाळी मेलेली असायची. तो घरी पोचला की ओली छत्री गाडीतच दिव्याच्या खटक्याला अडकवून ठेवत होता आणि खटका खाली ओढला जात होता. डायनामोचं म्हणणं असं की निम्मा बिघाड गाडीत असतो आणि निम्मा मालकात, आणि मालकातला शोधायला पाने-पकडी लागत नाहीत.

एवढा हुशार माणूस आपल्याच घरच्या गाडीपुढे हात टेकून बसला होता.

घरची म्हणजे सासूबाईंची गाडी. आणि सासूबाई कोण, हे सांगायचं तर आधी दुकान सांगायला हवं. दुकान म्हणजे लांबट पत्र्याची शेड, मधोमध प्लायवूडचा आडोसा. आडोशाच्या अलीकडे डायनामो, त्याच्या बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी आणि कढईएवढ्या डब्यात भरलेले जुने स्क्रू. पलीकडे सासूबाई, त्यांचं जड शिलाई मशीन, रेक्झीनचे तागे, काथ्या आणि स्प्रिंगा. त्या गाड्यांच्या सीटा बनवायच्या. शेड त्यांची, मशीन त्यांचं, आणि गल्लीत शेवटचा शब्दही त्यांचाच. प्लायवूड छतापर्यंत पोचत नव्हतं, त्यामुळे पलीकडचं बोललेलं अलीकडे ऐकू यायचं. बहुतेक वेळा ते ऐकू यावं म्हणूनच बोललं जायचं.

"जावईबापू," त्या हाक मारायच्या, इतक्या आदराने की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. "तुमच्या गिऱ्हाइकाचा हॉर्न अजून रडतोय. तुम्ही समजूत घालताय की बिघाड काढताय?"

सासरे होते तोवर ह्या बाणांपुढे एक ढाल होती. ते नुसते हसायचे आणि म्हणायचे, "मनावर घेऊ नकोस रे, माझ्याशी पण असंच बोलते." मागच्या वर्षी ते गेले, आणि बाण थेट लागायला लागले.

गाडी सासऱ्यांची. इंजिन मागे, डिकी पुढे, आणि बॅटरी मागच्या सीटच्या खाली उजव्या कोपऱ्यात, अशी उलट्या डोक्याची गाडी. तयार सीटा त्या गाडीतून पोचवल्या जायच्या आणि दर रविवारी सासूबाई तिच्यातून आपल्या धाकट्या बहिणीकडे जायच्या. सासरे चालवायचे आणि सासूबाई मागे बसायच्या, बरोबर त्यांच्या पाठीमागे. पुढे नवऱ्याशेजारी त्या कधी बसल्या नाहीत. डायनामोने ह्याच गाडीवर पहिली वायर जोडली होती. तेव्हा टेस्ट लॅम्प धरायला मालकाची मुलगी उभी असायची. तिच्याकडे बघण्याच्या नादात त्याने दोनदा फ्यूज उडवला आणि तिसऱ्यांदा लग्नाचं विचारलं. गाडीवर त्याचा जीव होता, तो काही उगीच नाही.

सासरे गेल्यावर गाडी कित्येक महिने कापडाखाली होती. सासूबाई कुणाला हात लावू देईनात. मग एक दिवस त्यांनी स्वतःच कापड ओढून काढलं, घडी घातली आणि आडोशावरून फर्मान आलं, "जावईबापू, रविवारी बहिणीकडे जायचंय."

डायनामोने नवी बॅटरी बसवली, प्लग साफ केले, चावी फिरवली. पहिल्या झटक्यात इंजिन गरजलं. त्याची कॉलर ताठ झाली.

रविवारी सासूबाई इस्त्रीची साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन आपल्या जागेवर बसल्या. पुढे डायनामोशेजारी बायको बसली. डायनामोने चावी फिरवली.

टक्.

पुन्हा फिरवली. टक्. दिवे मिणमिणले आणि गप्प झाले. मागून आवाज आला, "चावीच फिरवताय ना? की खुशाली विचारताय?"

आता धक्का मारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. पण आपण आत बसलेल्या असताना लोकांनी गाडी ढकलावी हे सासूबाईंना मान्य नव्हतं. त्या दार उघडून उतरल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. समोरचा न्हावी कात्री खिशात टाकून धावत आला आणि त्याने गाडीला हात लावला. डायनामोने गिअर टाकला, धक्का बसला, गाडी चालू झाली. चालू गाडीत सासूबाई पुन्हा बसल्या आणि वरात निघाली. बहिणीकडून परतताना तेच झालं. पुढच्या रविवारीही तेच. एकदा तर न्हाव्याने नुसता हात टेकवला होता, डायनामोने सहज म्हणून चावी फिरवली आणि गाडी चालू झाली. तेव्हापासून न्हावी गिऱ्हाइकांना सांगत सुटला की आपल्या हाताला गुण आहे.

"गाडी आईवर रुसलीय," बायको म्हणायची. गल्लीतही हीच थट्टा चालायची, सासूबाई बसल्या की गाडी मान टाकते. सगळे रोज म्हणायचे आणि रोज हसायचे. जी गोष्ट हसण्यावारी नेली तिची तपासणी कोण करतो?

गाडी चालू झाली तरी डायनामोचे हाल संपत नसत, कारण प्रवासभर सासूबाईंचं बोट त्याच्या खांद्यावर पडायचं. समोरून सायकल आली की बोट. उजवीकडून ट्रक वळला की बोट, तेही दोनदा. उभा जन्म दाभण आणि जाड दोरा ओढून ते बोट असं टणक झालं होतं की त्याने काथ्याला भोक पडलं असतं. रविवारी घरी आला की तो बायकोला खांदा उघडा करून दाखवायचा.

"अगं, मला दिसतं ना! सायकल दिसते, ट्रक दिसतो. मी काय डोळे मिटून चालवतो?"

"आईचं प्रेम आहे ते," बायको म्हणायची आणि हसू दाबत तेल चोळायची.

मग बेकरीवाला आला. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर त्याला शोभेची गाडी हवी होती. पुढच्या डिकीत माती भरून फुलझाडं लावायची, छतावर पाटी लावायची आणि सगळ्या अंगावर रंगीत दिव्यांच्या माळा सोडायच्या. "तशीही ती ढकलतच न्यावी लागते," तो सासूबाईंना म्हणाला, "माझ्याकडे उभी राहील, फुलांत राहील." आणि डायनामोकडे वळून वर म्हणाला, "माळांची वायरिंग तुम्हीच करून द्या हं!"

ज्या गाडीने डायनामोला धंदा आणि बायको दिली ती कुंडी होणार, आणि तिच्यावर लुकलुकणाऱ्या माळा तो स्वतः जोडणार. उद्या कुठलं गिऱ्हाईक त्याच्या दारात गाडी आणेल?

"ह्यांची गाडी दर रविवारी गल्लीभर ढकलत नेतात," सासूबाई म्हणाल्या, "ते मला बघवत नाही. येत्या रविवारी ती नुसत्या चावीने चालू झाली आणि मला बहिणीच्या दारापर्यंत घेऊन गेली, तर राहील. नाही झाली तर संध्याकाळी बेकरीच्या दारात."

त्या आठवड्यात डायनामोने गाडीचं अंग अंग तपासलं. इंजिनला पहिला झटका देणारा सेल्फ उतरवून त्याचे कार्बन बदलले. सेल्फकडे जाणारी जाड केबल बदलली. गिअरबॉक्सला बसणारी अर्थची पट्टी काढून घासून चकचकीत केली. चावीचा स्विच खोलून पाहिला, तो निर्दोष. बॅटरी बघायला मागची सीट उचलून बाजूला ठेवली, बॅटरीला केबल धरून ठेवणारा क्लॅम्प हलवून पाहिला, घट्ट. प्रत्येक दुरुस्तीनंतर चावी फिरवली, आणि प्रत्येक वेळी गाडी शहाण्या मुलीसारखी पहिल्या हाकेला उठली. हाच तर ताप होता. दुकानात गाडी ठणठणीत असायची आणि रविवारी सगळ्यांसमोर अंग टाकायची. काही बदलण्याआधीही चालायची, बदलल्यावरही चालायची. मग बरं काय केलं आणि काय नाही, हे कसं कळणार? आडोशापलीकडून रोज विचारपूस व्हायची, "काय जावईबापू, सापडला का रोग? की पेशंटलाच बदलताय थोडा थोडा करून?"

मालकाला बसवून चावी फिरवायला लावायची ती त्याची रीत इथे कुठे गेली, असं कुणी विचारेल. तर मालकीण चावी फिरवत नव्हती, ती नुसती मागे बसत होती. आणि "आई, जरा बसून दाखवा" असं सासूबाईंना म्हणायची ह्याची छाती नव्हती.

शनिवारी दुपारी जेवण झाल्यावर डायनामो थकून गाडीच्या मागच्या सीटवर, उजव्या कोपऱ्यात अंग टाकून बसला आणि बसल्या बसल्या त्याला डुलकी लागली. बायको चहा घेऊन आली. नवरा तोंड उघडं टाकून झोपलेला बघून तिला खोडी काढायची हुक्की आली. ती गुपचूप पुढे चालकाच्या जागी बसली आणि "चला साहेब, कुठे सोडू?" म्हणून तिने चावी फिरवली.

टक्.

त्या आवाजाने डायनामो खाडकन जागा झाला. "पुन्हा फिरव."

टक्.

"हलू नकोस. बघतो." तो उडी मारून बाहेर पडला आणि मागे इंजिनकडे धावला. बायकोने पुन्हा चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं.

"बंद कर!" तो परत आला, परत कोपऱ्यात बसला. टक्. मग बसल्या बसल्या डावीकडे सरकला. चालू. पुन्हा उजवीकडे. टक्. नवरा सीटवर इकडून तिकडे घसरतोय आणि बायको चावी फिरवतेय, असा खेळ थोडा वेळ चालला आणि मग दोघंही एकदमच थांबले. बायकोचे डोळे मोठे झाले.

"म्हणजे... आई बसली की?"

"आई बसल्या की."

"आणि उतरली की?"

"उतरल्या की चालू. न्हाव्याचा गुण वगैरे काही नाही!"

बायकोला हसू आवरेना. तिने पदर तोंडात कोंबला, त्याने हात पुसायचं फडकं. पलीकडे मशीन क्षणभर थांबलं. दोघांनी माना खाली घातल्या. मशीन पुन्हा चालू झालं.

"आता हे आईला सांगणार कोण?" बायकोने कुजबुजत विचारलं, आणि दोघांचं हसू पार आटलं.

सीट उचलून उलटी केली तेव्हा सगळं उघड झालं. सीट सासूबाईंनीच केलेली होती. पण उजव्या कोपऱ्यात, त्यांच्या बसायच्या जागी, स्प्रिंगांवर आणखी स्प्रिंगा घातल्या होत्या आणि त्यांना धरून ठेवायला खाली लोखंडी पट्टी आवळली होती. जुन्या बॅटरीला ती पट्टी जेमतेम चुकत असणार. डायनामोने बसवलेली नवी बॅटरी बोटभर उंच होती. कोपऱ्यात कुणी बसलं की पट्टी खाली यायची, केबलवर टेकायची आणि क्लॅम्पला उचकटायची. दिवा मिणमिणायला पुरेल एवढीच वीज जायची, सेल्फ फिरवायला नाही. माणूस उठला की पट्टी वर आणि क्लॅम्प जागेवर. बिघाड बघायला सीट काढली की बिघाडही सीटबरोबर निघून जात होता.

"थोडी इकडे टेकली असती पट्टी," डायनामो म्हणाला, "तर आईंच्या खालून धूर निघाला असता."

"हे तर मुळीच सांगू नका," बायको म्हणाली.

उपाय दोन होते. एक सरळ होता, जुन्या मापाची बुटकी बॅटरी आणायची. शनिवारची दुपार होती, दुकानं उघडी होती. दुसरा उपाय म्हणजे त्या वरच्या स्प्रिंगा पट्टीसकट काढून टाकायच्या. डायनामो बॅटरीच्या दुकानाकडे जायला उठलाही होता. पण उठता उठता त्याच्या मनात एक पाप आलं. स्प्रिंगा गेल्या की सासूबाई चार बोटं खाली बसणार. चार बोटं खाली बसल्या की त्यांना त्याच्या खांद्यावरून पुढचा रस्ता दिसणार नाही. रस्ता दिसला नाही की बोट पडणार नाही. त्याने खांदा चोळला आणि पुन्हा खाली बसला.

"बुटकी बॅटरी कुठे शोधत फिरू?" तो बायकोला म्हणाला. "तू उसव."

"आईची शिलाई?" बायको दचकली. मग तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि तिला सगळा डाव कळला. सासूबाईंच्याच हाताखाली शिकलेली ती. सासूबाई एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला गेल्या तेवढ्यात तिने दोरा उसवला, पट्टी आणि स्प्रिंगा काढल्या आणि त्याच भोकांतून सुई घालून शिलाई जशीच्या तशी करून दिली. स्प्रिंगा डायनामोने पाठीमागच्या भंगारात पुरून टाकल्या.

रविवारी बेकरीवाला फुलझाडांसाठी डिकीचं माप घ्यायला टेप घेऊनच आला. न्हावी अर्धी दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला तसंच सोडून बाहेर आला आणि त्याने बाह्या सरसावल्या. सासूबाई बाहेर आल्या, आपल्या जागेवर बसल्या, आणि बसता बसता त्यांचा चेहरा बदलला. डायनामोने ते आरशात पाहिलं आणि घाईघाईने चावी फिरवली.

इंजिन पहिल्या झटक्यात गरजलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. न्हाव्याचं तोंड पडलं, कारण ह्या वेळी त्याने हात लावला नव्हता. बेकरीवाल्याने टेप गुंडाळायला घेतली.

"बंद करा," सासूबाई म्हणाल्या.

त्याने बंद केली.

"माझी सीट कुणी उसवली?"

सासूबाईंनी मागे हात घालून शिलाईवरून बोट फिरवलं. "भोकं माझी आहेत. गाठ माझी नाही." त्यांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा आरसा पुसायला लागला.

"बेकरीवाले," सासूबाई म्हणाल्या, "थांबा जरा. मला ह्या गाडीत आता काही दिसत नाही. घेऊन जा तुम्ही."

गाडी चालू केली आणि घालवली! डायनामो बाहेर आला, मागचं दार उघडून सासूबाईंसमोर उकिडवा बसला आणि त्याने भडाभडा सगळं सांगून टाकलं, पट्टी, क्लॅम्प, डुलकी, सगळं.

सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मी बसले की गाडी मरत होती."

"तुम्ही नाही हो आई. सीट."

"सीट मी केली."

"पण उंच बॅटरी मी बसवली ना! निम्मी चूक माझी."

"बुटकी मिळत नाही?"

"मिळते."

"मग माझी सीट का कापली?"

सगळी गल्ली कान देऊन उभी होती. "तुमचं बोट लागतं, आई," तो म्हणाला. "फार लागतं. मला वाटलं, दिसलं नाही तर टोचणार नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. त्याला वाटलं, आता बाण सुटणार. पण सासूबाईंनी पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"त्या स्प्रिंगा मी हौसेने नव्हत्या घातल्या," त्या म्हणाल्या. "ह्यांना उजव्या डोळ्याने दिसायचं बंद झालं होतं."

"बाबांना?" बायको म्हणाली. "कधीपासून?"

"कितीतरी वर्षं. गाडी सोडा म्हटलं की जेवायचे नाहीत. मग मी म्हटलं, बरं, मी मागून बघते. बसून दिसेना, म्हणून सीट उंच केली. समोर काही आलं की एक बोट. उजवीकडून आलं की दोन. रस्ता मोकळा असला की मी हात नुसता खांद्यावर ठेवून द्यायचे, म्हणजे त्यांना कळायचं."

"आई, अगं, केवढा धोका तो! आम्हाला सांगायचं नाहीस?"

"सांगितलं असतं तर चावी काढून घेतली असती तुम्ही. आणि कुठे ठोकली का कधी? एकदाच त्या बेकरीच्या पायरीला लागली, तेवढीच."

"ते तुम्ही होता?" बेकरीवाला ओरडला.

कुणी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. डायनामो तसाच उकिडवा बसून होता. त्याला सासरे आठवत होते, दर थोड्या दिवसांनी आडोशाशी येऊन उभे राहणारे. "उजवा दिवा कमी पडतोय रे. बघ जरा." त्याने बल्ब बदलला होता. होल्डर बदलला होता. काच आतून पुसली होती आणि तेवढा वेळ अखंड बडबड केली होती. सासरे भिंतीवर पडलेल्या उजेडाकडे बघून म्हणायचे, "हां, आता बरं दिसतंय." त्या माणसाला एकदाही त्याने गाडीत बसवून विचारलं नव्हतं की दाखवा, तुम्हाला नक्की काय दिसतंय. त्याला एकदम रडू आलं. सगळ्यांसमोर आलं आणि त्याने ते लपवलं नाही.

"आई, मी उद्याच बुटकी बॅटरी आणतो," तो नाक पुसत म्हणाला. "स्प्रिंगा आहेत, भंगारात ठेवल्यात. तुमची सीट होती तशी करून देतो."

सासूबाई त्याच्याकडे वाकल्या.

"जावईबापू, तुम्हाला दोन्ही डोळ्यांनी दिसतं ना?"

"दिसतं, आई."

"नीट?"

"नीट दिसतं."

"मग राहू द्या स्प्रिंगा भंगारात." त्यांनी पर्स मांडीवर सरळ केली. "बेकरीवाले, कुंड्या दुसरीकडे लावा. चला, बहीण वाट बघत असेल."

गाडी चालू झाली आणि गल्लीबाहेर पडली. पहिल्या वळणावर समोरून सायकल आली. डायनामोने सवयीने खांदा आवळून घेतला. बोट पडलं नाही. चौकात उजवीकडून ट्रक वळला. तरी नाही. आता त्यालाच चैन पडेना. रागावल्या तर नाहीत? त्याने आरसा हलवून पाहिला, पण सासूबाई इतक्या खाली गेल्या होत्या की आरशात नुसता अंबाडा दिसत होता.

"बघ गं जरा," तो बायकोला हळूच म्हणाला.

तिने वळून पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. सासूबाईंची मान एका बाजूला कलली होती, पर्स घसरून पायाशी पडली होती, तोंड उघडं होतं. एवढ्यात घोरण्याचा पहिला सूर आला आणि मग इंजिनवर कडी करणारा दुसरा.

"आई गाडीत कधी झोपलेली मी पाहिली नाही," बायको म्हणाली. "जन्मात नाही."

डायनामोने वेग कमी केला. खड्डे चुकवत, पुढच्याला हॉर्न न देता, मागच्याच्या शिव्या खात तो चालवत राहिला. मावशीचं घर आलं. मावशी फाटकात येऊन हात हलवत होती.

"आलं की हो घर," बायको म्हणाली.

"थांबवली तर जाग येईल."

"मग काय करणार?"

"टाकी भरलेली आहे," डायनामो म्हणाला.

फाटकाजवळून गाडी हळूच पुढे गेली. मावशीचा वर केलेला हात तसाच राहिला. "अगं, थांबा की! कुठे निघालात?" ती ओरडत होती. डायनामोने खिडकीतून तिला गप्प राहायची खूण केली आणि गाडी पुढच्या रस्त्याला लावली.